पिंजऱ्यातले बिनबोलावले पाहुणे

दिवाळी आठ दिवसांवर आली की प्रत्येक घरात एक लहानसे युद्ध पेटते. माळ्यावरचे डबे खाली येतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते, पंख्याच्या पात्यांवरची वर्षभराची धूळ निघते, आणि गृहस्वामीला शिडीवर चढवून खालून हुकूम सोडण्याचा आपला वार्षिक हक्क गृहिणी मोठ्या हौसेने बजावते. या धामधुमीत घरातली एकच खोली तेवढी झाडायची राहून जाते. ती गॅलरीच्या कोपऱ्यात टांगलेली असते. दीड हात लांब, हातभर उंच. तिच्यातले भाडेकरू बारा-बारा ग्रॅम वजनाचे असतात, आणि त्यांच्या तक्रारीची भाषा आपल्याला येत नाही.

म्हणून या दिवाळी अंकात आपल्या सदराची जागा आम्ही फिंच पक्ष्यांच्या पिंजऱ्याला दिली आहे. पक्ष्यांविषयी येणाऱ्या पत्रांत एकच सूर फिरून फिरून कानावर येतो. कुणाच्या फिंचची मान उघडी पडली आहे, कुणाचा पक्षी सारखे अंग खाजवतो, कुणाची पिल्ले घरट्यातच मरतात. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असतो: "कोणते औषध टाकावे?" या प्रश्नाचे उत्तर आधी दुसऱ्या एका प्रश्नाने द्यावे लागते. "आपण काय काय पाहिले?"

हा उलट प्रश्न विचारण्याचा शहाणपणा आमच्या अंगी उपजत आलेला नाही. त्याची किंमत मोजावी लागली, आणि ती आम्ही मोजली नाही, एका मुक्या जिवाने मोजली. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

2018 साली आमच्या धाकटीच्या हट्टापायी घरात झेब्रा फिंचची जोडी आली. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे आता जगभर घरगुती झाला आहे. नराची चोच लालभडक, गालावर नारिंगी ठिपका, गळ्यावर बारीक काळे पट्टे. मादी साधी, राखी. दिवसभर त्यांचे 'टीं टीं' चालू असे. दिवाळीच्या सुमारास मादीने पिंजऱ्यात टांगलेल्या छोट्या मडक्यात पाच अंडी घातली. दोघे आळीपाळीने बसली, आणि तेराव्या दिवशी चार पिल्ले बाहेर आली. धाकटीने शाळेत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

पाचव्या दिवशी सकाळी चारही पिल्ले मडक्यात मरून पडलेली आढळली. अंग गुलाबी असायचे ते पांढुरके पडले होते.

मग घरात न्यायसभा भरली. समोरच्या आजी म्हणाल्या, "अहो, त्या नराची मान बघा कशी उघडी पडली आहे. त्याला खरूज आहे. त्याचीच बाधा पिल्लांना झाली." हे सर्वांना पटले. खरोखरच नराच्या मानेमागे नखाएवढी जागा उघडी पडली होती. फक्त धाकटी म्हणाली, "बाबा, त्याला काही झालेले नाही. तीच त्याची पिसे उपटते. मी पाहिले आहे." आम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाजारात गेलो. एका दुकानदाराने लेबल नसलेली छोटी बाटली दिली. "मानेवर एक थेंब टाका, सगळे साफ होईल," तो म्हणाला. आम्ही एक थेंब टाकला. संध्याकाळी नर दांडीवर झोके खाऊ लागला, रात्री पिंजऱ्याच्या तळाशी बसला, आणि सकाळी उठला नाही.

बाटली घेऊन आम्ही पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आम्हाला एक शब्दही रागाने बोलून दाखवला नाही. कागद पुढे ओढला आणि गणित मांडले. ते गणित वाचकांनी कापून ठेवावे असे आहे.

त्या म्हणाल्या, "या बाटलीत नेमके काय होते ते मी सांगू शकत नाही. पण अशा बाटल्यांत बहुधा आयव्हरमेक्टिन असते, आणि पुष्कळदा ते गुरांना टोचायच्या औषधातूनच काढलेले असते. त्या औषधाच्या एक मिलिलिटरमध्ये दहा हजार मायक्रोग्रॅम औषध असते. एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. म्हणजे त्यात झाले पाचशे. आता पक्ष्यांसाठी आमच्या पुस्तकातले नेहमीचे माप आहे किलोमागे दोनशे मायक्रोग्रॅम. तुमचा पक्षी किलोभर आहे का? तो बारा ग्रॅमचा. त्याच्या वाट्याला येतात अडीच मायक्रोग्रॅम."

पाचशे भागिले अडीच. उत्तर आम्ही मनातच काढले. दोनशे पट.

आयव्हरमेक्टिन हे औषध वाईट नव्हे. जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून ते निघाले; त्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल या दोघांना 2015 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याने आफ्रिकेतल्या असंख्य माणसांची दृष्टी वाचवली. परंतु तीन सपाट चमचे साखरेएवढे वजन असलेल्या जिवाला बैलाच्या बाटलीतले औषध अंदाजाने द्यावयाचे नसते. ते घरी पाण्यात घालून पातळही करता येत नाही, कारण ते पाण्यात नीट मिसळत नाही. एक थेंब कोरा जातो आणि दुसऱ्यात सगळे विष. ते पातळ करणे, पक्ष्याला तोलणे आणि मोजून देणे हे डॉक्टरांचे काम.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारले, "रात्री पिंजऱ्यात फडफड ऐकू येत होती का?" येत होती. "मादी रात्री मडके सोडून दांडीवर बसत होती का?" बसत होती. "घरात कुणाच्या अंगाला खाज?" सौभाग्यवतींच्या मनगटावर महिनाभर बारीक लाल पुरळ होते, आणि आम्ही ते नव्या बांगड्यांच्या माथी मारले होते. बाई म्हणाल्या, "आज रात्री दिवे मालवून तासा-दोन तासांनी मडक्याखाली पांढरा कागद धरा, मडक्याला टिचकी मारा आणि टॉर्च लावून बघा."

रात्री दहा वाजता आम्ही आणि धाकटी तसे उभे राहिलो. कागदावर मिरीपूड सांडावी तसे ठिपके पडले. ते ठिपके चालू लागले. एक बोटाखाली चिरडला गेला, आणि कागदावर रक्ताचा डाग उमटला.

हेच ते आमचे बिनबोलावले पाहुणे. यांना माईट म्हणतात. कीटक नव्हेत, आठ पायांचे, गोचिडीच्या भावकीतले. लांबी मिलिमीटरहूनही कमी. उपाशी असताना करडे-पांढरे, आणि रक्त प्याले की तांबडे. म्हणून यांना तांबडा माईट असे नाव पडले. यांची एक खोड लक्षात ठेवली की निम्मे काम झाले: हा चोर दिवसा पक्ष्याच्या अंगावर राहतच नाही. दांडीच्या टोकाला, पिंजऱ्याच्या दुमडलेल्या पत्र्यात, मडक्याच्या तळाशी, मागच्या भिंतीच्या पोपड्यांत तो लपून बसतो. रात्री निघतो, पोट भरतो, परत जातो. तुम्ही भर दुपारी पक्षी हातात घेऊन पिसे फुंकून पाहिली, तर तुम्हाला काहीही दिसणार नाही, आणि तुम्ही म्हणाल, "आमचा पक्षी स्वच्छ आहे."

उबेच्या दिवसांत याची अंड्यापासून पूर्ण वाढ आठवडा-दहा दिवसांत होते, म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात यांचे पीक येते. आणि खायला मिळाले नाही तरी हा महिनोन्‌महिने तग धरतो; तेव्हा रिकामा पिंजरा माळ्यावर टाकला म्हणजे सुटलो, असे समजू नये. मोठ्या पक्ष्याला यामुळे खाज आणि अशक्तपणा येतो. पिल्लाची गोष्ट निराळी. अंड्यातून निघालेले फिंचचे पिल्लू एक ग्रॅमही भरत नाही. त्याच्या अंगात सारे मिळून दोन थेंब रक्त नसते. त्यावर रात्री शंभर तोंडे लागली तर काय उरणार? आमच्या नराने पिल्लांना बाधा केली नव्हती. पिल्ले मडक्यातच लुटली गेली होती.

आता हे पाहुणे येतात कोठून? पुष्कळदा बाजारातल्या नव्या पक्ष्याबरोबर किंवा जुन्या पिंजऱ्याबरोबर. आणि शहरात आणखी एका वाटेने: कबुतरे, चिमण्या, साळुंक्या. वातानुकूलन यंत्राच्या मागे, सज्ज्यावर, खिडकीच्या छज्ज्यात कबुतराचे घरटे असते. पिल्ले उडून गेली की तिथले उपाशी माईट नव्या खाणावळीच्या शोधात भिंतीवरून चालू लागतात. आमच्याकडे मागच्या भिंतीला लागूनच असे एक जुने घरटे निघाले. सौभाग्यवतींच्या मनगटावरचे पुरळही त्यांचेच. हे माईट माणसाला चावतात, पण माणसावर वस्ती करीत नाहीत. पक्ष्यांचा बंदोबस्त झाला की माणसाची खाज आपोआप थांबते.

बंदोबस्त असा करावा. पक्षी दुसऱ्या स्वच्छ पिंजऱ्यात, दुसऱ्या खोलीत हलवावेत. मडक्यातले गवत पिशवीत घट्ट बांधून तत्काळ घराबाहेर टाकावे. लाकडी दांड्या टाकून नव्या आणाव्यात. त्या स्वस्त असतात, मोह धरू नये. पिंजरा सुटा करून साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावा, आणि मग प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक दुमडीवर उकळते पाणी ओतावे. मडके पाण्यात घालून उकळावे. दोन्ही उन्हात कडकडीत वाळवावे. भिंतीवरचे पोपडे खरवडून भोके बुजवावीत, आणि खिळा उपटून त्याच्या मागेही बघावे. हे सर्व एकदा करून भागत नाही. फटीत राहिलेल्या अंड्यांतून पुढची पिढी निघतेच, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. पक्ष्यांना द्यावयाचे औषधही डॉक्टर याच कारणाने दहा-चौदा दिवसांनी पुन्हा देतात.

काय करू नये, तेही सांगतो. रॉकेल, फिनाईल, डांबरगोळ्या, तंबाखूचे पाणी, झुरळांचा फवारा यांतले काहीही पिंजऱ्याजवळ नेऊ नये. पक्ष्याच्या फुप्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, आणि श्वासाबरोबर आलेले विष त्याच्या अंगात माणसापेक्षा फार वेगाने भिनते. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणकामगार कॅनरी पक्षी बरोबर नेत, आणि ही प्रथा 1986 साली बंद झाली. कॅनरी हा फिंचांपैकीच. दिवाळीत खोलीला रंग देताना, फटाके उडवताना, किंवा नॉनस्टिक तवा रिकामाच तापत राहिला असताना हे आठवावे. पक्षी तेवढ्यापुरता दूरच्या, मोकळ्या हवेच्या खोलीत न्यावा.

आता इतर त्वचारोगांकडे वळू, कारण प्रत्येक खाज तांबड्या माईटची नसते.

पिसे प्रकाशासमोर धरली असता दांडीला लागून बारीक अंड्यांच्या ओळी दिसल्या, किंवा पिसांत लांबट, भुरकट किडे दिवसाही पळताना दिसले, तर त्या उवा होत. त्या पिसे आणि कोंडा खातात आणि पक्ष्याच्या अंगावरच राहतात. एका जातीचे माईटही असे दिवसरात्र अंगावरच मुक्काम ठोकतात. दोन्हींसाठी पक्ष्यावरच इलाज करावा लागतो, आणि तो डॉक्टरांनी करावा.

पायांवर किंवा चोचीच्या मुळाशी खडबडीत, राखाडी, खपल्यांसारखा थर चढू लागला तर तो कातडीत बिळे करणाऱ्या माईटचा उद्योग असू शकतो. बजरीगारांत हा फार दिसतो, कॅनरीच्या आणि फिंचच्या पायांवरही कधी येतो. खपली नखाने उचकटू नये, रक्त येते. मात्र म्हातारपणीही पायांवरचे खवले जाड होतात. तेव्हा खवल्याचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच निदान व्हावे. पायावर किंवा डोळ्याभोवती चामखिळीसारख्या गाठी आल्या तर ती देवी असू शकते. पक्ष्यांचा हा आजार विषाणूचा आहे आणि डास तो पसरवतात. तिथे माईटचे औषध निरुपयोगी. पिंजऱ्याला जाळी लावणे आणि आजारी पक्षी वेगळा ठेवणे हे पहिले काम.

एका भगिनीने लिहिले आहे की त्यांचा गोल्डियन फिंच गाईनासा झाला आहे, रात्री त्याच्या छातीतून टिकटिक असा आवाज येतो, आणि श्वासाबरोबर शेपूट खालीवर होते. भगिनी, हे कातडीचे दुखणे नव्हे. श्वासनलिकेत आणि हवेच्या पिशव्यांत राहणारा एक माईट आहे. गोल्डियन आणि कॅनरी यांना तो विशेष छळतो. हा अंक बाजूला ठेवा आणि पक्षी आजच डॉक्टरांकडे न्या.

पाय एकाएकी सुजला, काळवंडला, तर भिंगातून बघावे. घरट्यासाठी दिलेल्या सुताचा किंवा काथ्याचा एखादा धागा बोटाभोवती आवळलेला सापडतो. म्हणून घरट्याला सूत, कापूस देऊ नये. मऊ, वाळलेले गवत आणि नारळाचा काथ्या बोटभर लांबीचे तुकडे करून द्यावा. लांब धागा मुळीच नको.

आणि शेवटी, नुसती पिसे गेली, कातडी मात्र स्वच्छ, गुलाबी, खपलीवाचून आहे, अशी तक्रार. बहुतेक पत्रांतली तक्रार हीच असते. पक्षी पिसे पालटतो तेव्हा ती थोडी थोडी झडतात आणि लगेच नवी कोंबासारखी दिसू लागतात; त्याने टक्कल पडत नाही. टक्कल पडले तर आधी शेजाऱ्यावर संशय घ्यावा. पिंजरा लहान आणि पक्षी जास्त असले की एकमेकांची पिसे उपटली जातात. घरट्याला मऊ अस्तर मिळाले नाही की मादी ते जोडीदाराच्या मानेवरून काढते. आमच्या धाकटीने हेच पाहिले होते. नराला खरूज नव्हतीच. तो बिचारा आपल्या संसारासाठी स्वतःची पिसे देत होता, आणि आम्ही त्याला त्याबद्दल औषध दिले.

पिसे धड येण्यासाठी आहारही हवा. नुसता राळा आणि बाजरी खाऊन पीस तयार होत नाही, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळे प्रथिनच. पिसे पालटताना आणि पिल्ले असताना उकडलेल्या अंड्याचा चुरा थोडा थोडा द्यावा, आणि दोन-तीन तासांनी उरलेला काढून टाकावा. कोथिंबीर किंवा पालक स्वच्छ धुऊन द्यावा. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम टांगलेला असावा.

बाजारात हिरव्या, जांभळ्या, पिवळ्या रंगांच्या मुनिया कुणी विकताना दिसला तर एक लक्षात ठेवा. तो रंग पुष्कळदा बादलीतला असतो, आणि पक्षी रानातून पकडलेला. आपल्या देशातल्या मुनिया पकडणे, विकणे व पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. दया येऊन विकत घेतली तरी पकडणाऱ्याच्या खिशातच पैसे जातात.

आमच्या मादीचे पुढे काय झाले, हे विचारणारे वाचक असतीलच. फिंच हा थव्याचा पक्षी. एकटा राहिला की झुरतो. महिन्याभरात डॉक्टरांच्या ओळखीने एक तरुण नर आणला, पण यावेळी घाई केली नाही. पूर्ण तीस दिवस तो वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात राहिला. त्याचे दाणे-पाणी शेवटी, आणि त्यानंतर हात साबणाने धुऊन. मग दोघांची गाठ घातली. पुढच्या उन्हाळ्यात मडक्यात पाच अंडी पडली, तीन पिल्ले निघाली, आणि विसाव्या दिवशी तिन्ही बाहेर येऊन दांडीवर एका ओळीत बसली.

तेव्हापासून दर शनिवारी रात्री आमच्या घरी एक कार्यक्रम असतो. दिवे मालवून तास-दोन तास झाले की धाकटी टॉर्च घेते, आम्ही कागद धरतो. मडक्याला टिचकी तिनेच मारायची, असा नियम आहे. पक्ष्यांची वही तिच्याकडे असते. औषधाचा ड्रॉपर आमच्या हाती द्यायचा नाही, हाही नियम तिचाच, आणि त्यावर आम्ही कधी वाद घातलेला नाही.

नरकचतुर्दशीला आपण पहाटे उठून तेल-उटणे लावून न्हाणार. पक्ष्यांना मात्र तेल लावू नका. पिसे चिकटतात, आणि त्यांत धरून ठेवलेली ऊब जाते. त्यांच्यासाठी एक पसरट वाटी, त्यात अर्धा इंच कोमट पाणी, आणि दिवस चांगला वर आल्यावर कोवळे ऊन. संध्याकाळच्या आत अंग सुकले पाहिजे. त्यांना एवढे अभ्यंग पुरते.

त्याआधी एका रात्री पांढरा कागद धरून तेवढा बघा. तो कोरा निघाला, तर तुमची दिवाळीची साफसफाई खऱ्या अर्थाने पुरी झाली.